जेवणानंतर एक

४ ऑगस्ट, सोमवार

पहिला दिवस. हातात गोळी येईल असं वाटलं होतं — आलं फडकं! अरविंदकाकांनी शटर वर केलं, देवाला अगरबत्ती लावली आणि मला म्हणाले, "पहिले रॅक पूस. पुसता पुसता नावं वाच. महिनाभर पुसशीन तं डोळे मिटूनही हात बरोबर डब्यावर जाईन." पुसलं. तीन रॅक. शिंकाच शिंका.

पाचशे तास भरायचे आहेत, तेही निदान तीन महिन्यांत मिळून. डी. फार्मची दोन वर्षं छिंदवाड्याला झाली, पेपर सुटले. पण हे तास आणि नोंदणी झालेल्या फार्मासिस्टची सही, दोन्ही असल्याशिवाय भोपाळच्या फार्मसी कौन्सिलच्या लेखी आपण कोणीच नाही. पगाराचं काकांनी पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकलं: "स्टायपेंड-गिपेंड काही नाही बरं. चहा दोन टाइम. बसचं भाडं तुझं तू."

पांढुर्ण्यात घराजवळच एका मेडिकलवाल्याने विचारलं होतं, रोज यायची काय गरज? फॉर्म आणा, सही घेऊन जा. श्रुतीने तसंच केलं. दोन वर्षं माझ्या बाकावर बसली ती श्रुती! मला नाही करायचं तसं. म्हणून रोज तासाभराची बस आणि सौंसरला काकांचं मेडिकल.

कशासाठी ते एकदा लिहूनच ठेवते. तीन वर्षांपूर्वी, घट उठायच्या दिवशी सकाळी, आईला लकवा मारला. उजवी बाजू गेली. नागपूरच्या दवाखान्यात आईची जीभ उचलत नव्हती. डॉक्टर हिंदीत एकेक विचारत होते आणि ती सगळ्याला मान हलवत होती — हो, हो. मी फाईल धरून उभी. कानात नुसती शीळ वाजत होती, अर्धं ऐकूच आलं नाही. शेवटी डॉक्टर बाहेर येऊन बाबांना म्हणाले, बीपीच्या गोळ्या नीट घेतलेल्या दिसत नाहीत. आई बोलायला लागली तेव्हा म्हणाली, एक दिवस चुकवली नाही. बाबा म्हणतात, खोटं बोलते, फेकून देत असेल.

डॉक्टर खरे की आई खरी? दोघंही खरे असतील तर गोळीच खोटी होती काय? या एका प्रश्नापायी मी सत्ताविसाव्या वर्षी अठरा वर्षांच्या पोरींमध्ये जाऊन बसले. आज पुसते आहे. चालेल.

७ ऑगस्ट

शिंका कमी. 'क' पर्यंतचे डबे पाठ.

१२ ऑगस्ट, मंगळवार

गोळीचं नाव घेऊन गोळी मागणारं माणूस अजून आलेलं नाही! "ते लाल बुडाची द्या." "मागच्या खेपेस नेली तेच, कडू." "चंदेरी कागदातली, पण छोटी." एकाने तर मोबाइलवर आपल्या बायकोच्या तळहाताचा फोटो दाखवला, तळहातावर गोळी. काका चष्मा कपाळावर सरकवतात, दोन प्रश्न विचारतात आणि बरोबर डबा काढतात. पण डॉक्टरची पर्ची बघितल्याशिवाय देत नाहीत. "ओळखलं म्हणून देत नसतेत, पोरी. ओळखणं निराळं, देणं निराळं."

आज विचारलं, काका, पर्चीवर पी. सी. लिहितात, त्याचं पूर्ण काय? पुस्तकात 'पोस्ट सिबम' आहे. लॅटिन. काका म्हणाले, "पी. सी. म्हणजे खाने के बाद. त्याच्या पुढचं मले कोणी इचारलं नाही, म्या कोणाले सांगतलं नाही." मग स्वतःच हसले. "तू लय इचारतं बाप्पा."

आई पण हेच म्हणते. लहानपणी मला चौकशीबाई म्हणायची.

२० ऑगस्ट, बुधवार

आजपासून मी लेबलबाई!

झालं असं. गोळ्या द्यायची जी कागदी पाकिटं छापून येतात ती हिंदीत. सुबह, दोपहर, रात. खाने के पहले, खाने के बाद. आपण फक्त खूण करायची. पण या बायांना ती खूण कळत नाही. घरी जाऊन चार पाकिटं एकत्र झाली की सगळा गोंधळ. मी म्हटलं, काका, मी मागच्या बाजूला मराठीत मोठ्या अक्षरात लिहून देऊ का? ते म्हणाले, "टाइम कोणापाशी हाय? तुझ्यापाशी हाय तं लिही."

पहिलं पाकीट केसरबाईंचं. जामसांवलीला मारुतीच्या देवळाबाहेर नारळ-फुलं विकतात, साठीच्या असतील, आवाज खणखणीत. बीपीच्या तीस गोळ्या. मी लिहिलं — 'रोज सकाळी जेवणानंतर एक'. वाचता येतं का विचारलं तर रागावल्या. "चवथी पास हाव मी! असं मोठं लिहिलं तं काऊन नाही वाचता येणार?" पाकीट लांब धरून मोठ्यानं वाचलं आणि सगळ्या दुकानाकडे बघितलं. मला इतका आनंद झाला!

हा नाद तसा जुनाच. आईची बीपीची पर्ची पहिल्यांदा आली तेव्हा तिलाही मीच मराठीत उतरवून दिली होती, वहीचं पान फाडून. आईनं ती चिठ्ठी पीठ लावून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. आता नाही दिसत. रंग दिला तेव्हा गेली असेल.

२९ ऑगस्ट

एकशे दहा तास झाले. काकांनी वहीत सही केली, आणि तारीख मी टाकू म्हटलं तर टाकू दिली नाही. "सही ज्याची, तारीख त्याची."

आज एच-वनचं रजिस्टर शिकले. काही औषधं अशी की कोणी लिहून दिली, कोणाला दिली, किती दिली, सगळं वेगळ्या वहीत चढवायचं आणि वही तीन वर्षं सांभाळायची. मला फार आवडलं. घरच्या भांडणांचं असं एक रजिस्टर पाहिजे.

६ सप्टेंबर, शनिवार

पुस्तक चाळताना एक गंमत सापडली. आईची ती बीपीची गोळी — तिचं जेवणाशी काही नातंच नाही! रिकाम्या पोटी घ्या, भरल्या पोटी घ्या, तिला फरक नाही. मग पर्चीवर पी. सी. का? काका म्हणाले, "सवय. खाण्यासंगं जोडलं का माणूस इसरत नाही."

घरी येऊन आईला हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. "आई, तुझी गोळी उपाशीपोटी घेतली तरी चालते म्हणे!" ती डाव्या हातानं लसूण सोलत बसली.

११ सप्टेंबर

श्रुतीचा फोन. नागपूरला एका दवाखान्यात लागते आहे. नोंदणी व्हायची आहे तोवर 'मदतनीस', साडेनऊ हजार. नोंदणीचा नंबर आला की चौदा. खोलीला पाच जातात. मला म्हणते, तू फुकट पुसत बसली आहेस, वेडी आहेस. असेन.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

बसमध्येच लिहिते आहे.

सकाळी केसरबाई आल्या. सोमवारी घट बसणार, मग निघता यायचं नाही, म्हणून गोळ्या आधीच घेऊन ठेवायच्या. काकांनी बीपी मोजलं — बरंच वर. एकदा बसवून पाणी पाजून परत मोजलं. तेवढंच. "गोळ्या घेऊन राहिल्या ना?" "हाव ना! रोज. तुमच्या पोरीनं लिहिलं तसं."

मग त्यांनी पिशवीतून जुनं पाकीट काढलं. आत सात गोळ्या. मी म्हटलं, मावशी, २० तारखेला तीस नेल्या, काल तीस दिवस झाले. एकही उरायला नको. सात कशा?

"मले काय मालूम? लिहिल्यापरमाणेच घेतल्या."

काका गिऱ्हाइकाकडे वळले. मला राहवेना. ही तर आईचीच गोष्ट होती — घेतली म्हणणारी बाई आणि न घेतल्यासारखं बीपी! मी स्टूल ओढून समोर बसले आणि एकेक दिवस विचारत गेले. काल घेतली? हाव. परवा? हाव. सोमवारी, रविवारी? हाव, हाव. शनिवारी?

"शनिवारी कशी घेईन? शनिवारी तं उपास रायते. मारोतीचा."

"मग उपासाला काहीच खात नाही?"

"खात काऊन नाही? शाबुदाणा खातो, शेंगदाणे खातो, केळं खातो."

"मग गोळी का नाही घेतली?"

माझ्याकडे असं बघितलं की मीच अडाणी. "पोरी, ते फराळ झालं. जेवण थोडीच हाय! तुनंच तं लिहिलं, जेवणानंतर. जेवलीच नाही तं नंतर कसं येईन?"

चार शनिवार. हरतालिका. ऋषिपंचमी. चतुर्थी. सात.

मी लॅटिन काय, इंग्रजी काय, सगळं शोधत बसले होते! छापील पाकिटावर 'खाने के बाद' होतं. खाणं म्हणजे काहीही खाणं — शाबुदाणाही खाणंच. मी त्याचं 'जेवण' केलं. जेवण म्हणजे आमच्याकडे भाकरी-भाजी, वरण-भात. उपासाला 'आज जेवली नाही' असंच म्हणते प्रत्येक बाई, पोटभर शाबुदाण्याची उसळ खाऊन! मीसुद्धा म्हणते. आणि हे मला, पांढुर्ण्यात जन्मलेलीला, सुचलं नाही.

महिनाभरात मी किती पाकिटांवर लिहिलं? आणि सोमवारपासून नऊ दिवस घट.

२० सप्टेंबर, शनिवार

काकांना रात्रीच फोन करून सांगितलं होतं. वाटलं होतं, रागावतील, बस म्हणतील उद्यापासून घरी. काका म्हणाले, "तेहतीस वर्स झाले मले या खुर्चीत. लोकायले तोंडानं सांगत आलो, जेवून घ्या, जेवून घ्या. तू निदान लिहिलं म्हणून सापडलं तरी."

आज बिलांवरून नंबर काढले. एकोणसाठ पाकिटं. त्यातली बीपीची एकतीस. मी फोन लावायचे, काका बोलायचे. "घटात गोळी बंद नाही करायची. रोज. उपास असला तरी. हाव, देवीले चालते. मी सांगून राहिलो ना!" मी उत्साहात एका शुगरच्या पेशंटलाही तेच सांगणार, तर काकांनी हातातून फोनच घेतला. "त्याले नको! उपाशी माणसानं शुगरची गोळी घेतली तं पडते तो चक्कर येऊन. शुगरवाल्यायले आधी डॉक्टरले इचारा म्हणाव." त्यांना वेगळे फोन.

चार जणांचे फोन लागले नाहीत. दोघं सौंसरचेच, काका गाडीवर जाऊन सांगून आले. एक बाई तिगावची, तिला उद्या मी गाठीन. चौथ्या केसरबाई, त्यांच्याकडे मी स्वतः गेले जामसांवलीला. शनिवारची ही गर्दी! फुलांच्या परड्यांआडून हात उंच करून ओरडल्या, "घेतली गं पोरी, शाबुदाण्यावर घेतली!"

नवं लेबल ठरलं — 'बीपीची. रोज सकाळी एक. उपासालाही.' काका म्हणाले, "'उपासालाही' लाल पेननं लिही."

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले.

तिगावची बाई सापडली. आता एक राहिली आहे, ती मला तीन दिवसांपासून माहीत आहे आणि मी इथे लिहायचं टाळते आहे.

आईला चिठ्ठी मीच लिहून दिली होती. तिच्यावर काय लिहिलं होतं ते मला अक्षरन् अक्षर आठवतं. आई नवरात्राचे नऊही दिवस उपास करायची. लकवा घट उठायच्या दिवशी मारला.

तेव्हापासून उपास बंद आहेत आणि गोळी मी हातावर देते, म्हणून कधी विषय निघालाच नाही. विचारलं की एका मिनिटात कळेल. पण ती 'हाव' म्हणाली तर? भीती वाटते. खूप.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. बाबा सोनं द्यायला आले ते आईला म्हणाले, "घे, आता तरी खरं सांग, कुठं फेकत होती गोळ्या?" दरवर्षीची थट्टा. आई वाकड्या तोंडानं हसली. मी उठून आत गेले.

आज नाही विचारलं.

१४ ऑक्टोबर

तीनशे चाळीस तास. एक माणूस दुकानात आला, काका जेवायला गेले होते. नवं मेडिकल टाकतो आहे कुठेतरी. "मॅडम, नंबर आला का नुसतं सर्टिफिकेट भिंतीले लावू द्या. महिन्याचे चार हजार घरपोच. तुमाले यायची गरज नाही."

मी विचारलं, मग गोळ्या कोण देणार? तो म्हणाला, "पोट्टे हायेत ना."

मी विचारलं, त्यांना जेवण आणि फराळातला फरक माहीत आहे का? त्याला वाटलं मी जेवायचं विचारते आहे. म्हणाला, "नाही नाही, जेवण ज्याचं त्याचं." हसू आवरेना! गेल्यावर मात्र रडले थोडी.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पाचशे चार तास! चार वरचे काकांना भेट. त्यांनी फॉर्मवर सही केली, शिक्का मारला, फुंकर घालून वाळवला. आणि म्हणाले, नंबर आला की इथंच ये. नऊ देईन, वर्षानं अकरा. दहा तास उभं राहावं लागेल. नागपूरपेक्षा कमी हे दोघांनाही माहीत होतं. मी हो म्हटलं. केसरबाईंना दुसऱ्या कोणाच्या हाती कसं द्यायचं?

२६ नोव्हेंबर

कौन्सिलचा फॉर्म. मार्कशीट, डिप्लोमा, ट्रेनिंगचा दाखला, रहिवासी, फोटो, सही. रहिवासी दाखल्यावर जिल्हा छिंदवाडा, कारण तो पांढुर्णा वेगळा जिल्हा व्हायच्या आधीचा. आधार नंतर बदललेलं, त्यावर पांढुर्णा. एकाच घरात बसून मी दोन जिल्ह्यांची रहिवासी! कॅफेवाला म्हणाला, नवा दाखला काढा. म्हणजे आणखी दहा दिवस. नोंदणीआधीची नवी एक्झिट परीक्षा आमच्या बॅचला लागू की नाही यावर कॉलेजातले तीन सर तीन गोष्टी सांगतात. मी तिघांचंही लिहून घेतलं, तारखेसकट.

९ डिसेंबर

फॉर्म गेला.

२३ डिसेंबर

'प्रक्रियाधीन'. रोज सकाळी बघते. आई विचारते, "आला का?" बाबा विचारतात, "आला का?" केसरबाई दुकानातून निरोप धाडतात, "आला का?" कोणाला सांगू, की तो येऊ नये असंही कधी कधी वाटतं. आला की आपण 'देणारे' होऊ. आणि मी आधीच एकदा दिलेलं आहे.

१५ जानेवारी, गुरुवार

आला! नंबर आला. बाबांनी मोबाइलवरून कागदावर उतरवून घेतला आणि देवाजवळ ठेवला. काकांना फोन केला तर म्हणाले, "सोमवारपासून ये. येताना फडकं नको आणू."

आईनं नंबर तीन वेळा वाचून घेतला. मग डाव्या हातानं माझा हात धरून बसली, बराच वेळ. विचारायचं होतं, ओठांवर आलं होतं. ती इतकी खुशीत होती!

आता मात्र विचारल्याशिवाय सोमवारी त्या काउंटरमागे उभी राहू शकणार नाही.

१७ जानेवारी, शनिवार

विचारलं. अंगणात, उन्हात, बाबा बाजारात गेल्यावर.

"उपासाला गोळी नव्हतीस ना घेत?"

"नाही."

"नवरात्रात?"

"नऊ दिवस नाही. चिठ्ठीवर जेवणानंतर होतं."

आणि पदराच्या गाठीतून ती चिठ्ठीच काढून माझ्या हातात दिली. पिठासकट खरवडलेली, चार घड्यांची. म्हणजे रंगात गेली नव्हती! म्हटलं, मग डॉक्टरांना का नाही सांगितलंस? तीन वर्षं बाबांकडून खोटारडी म्हणवून घेतलंस!

आई थांबत थांबत म्हणाली, "इचारलं होतं ना त्यानं. व्रत में भी लेती थीं? तवाच समजलं मले, काय झालं ते. म्या मान हलवली. हाव म्हणून."

"कशाला?"

"तू उशाशीच उभी होती ना, माय."